भूत गंभीर हवं

भुताच्या विनोदी चित्रपटाला रंग मानवत नाहीत, असं माझं फार जुनं मत आहे. अलीकडे ते मांडायची पंचाईत होते. गेल्या काही वर्षांत हिंदीत अशा चित्रपटांची लाटच आली. २०१८ मध्ये ‘स्त्री’, २०२२ मध्ये ‘भेडिया’, २०२४ मध्ये ‘मुंज्या’ आणि पाठोपाठ ‘स्त्री २’. घरातली तरुण मंडळी पाहून येतात आणि विचारतात, कसा वाटला? मी म्हणतो, बरा आहे, पण मेहमूदचा ‘भूत बंगला’ पाहिलायस का? त्यावर समोरचा चेहरा असा काही होतो, की जणू मी बैलगाडीने पणजीला जा असं सुचवलं आहे.

तरीही सांगतोच. १९६५ साल घ्या. त्या एका वर्षात मेहमूद दोन भयपटांत होता. एक ‘गुमनाम’, आपल्या राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला, रंगीत. दुसरा ‘भूत बंगला’, मेहमूदने स्वतः दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट, कृष्णधवल. ‘गुमनाम’मधला बटलर मेहमूद आपण सगळेच आठवतो, ती लुंगी, ती हैदराबादी बोली, हेलनबरोबरचं ते नाचणं. पण खरं सांगा, ‘गुमनाम’ पाहताना तुम्हाला भीती वाटली होती? समुद्र निळाशार, झाडं हिरवीगार, नायिकेची साडी झगझगीत. खून होतात, पण ते सहलीला आलेल्या माणसांचे खून वाटतात. उलट ‘भूत बंगला’ कितीतरी साधा, कथेत ठिकठिकाणी ठिगळं, मध्येच ट्विस्ट नाचाचं गाणं. तरी त्या बंगल्याच्या जिन्यावर अंधार असतो तो खरा अंधार असतो. त्या अंधारात मेहमूद आणि राहुलदेव बर्मन (होय, आपले पंचमदा, चक्क पडद्यावर!) भीतीने अर्धमेले होतात तेव्हा आपण हसतो, आणि हसता हसता आपलीही नजर हळूच खोलीच्या कोपऱ्याकडे जाते.

हे कशाने होतं? एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. रंगीत चित्रपटात रात्र दाखवायची तर काहीतरी निळं करावं लागतं. खरी रात्र निळी नसते, हे कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काळ्या-पांढऱ्यात रात्र आपोआपच रात्र होते. एक दिवा खालून लावला की सभ्य माणसाचा खवीस होतो, आणि तोच दिवा वर नेला की पुन्हा सभ्य माणूस. दुसरं कारण रक्ताचं. काळ्या-पांढऱ्यात रक्त हा नुसता डाग असतो, शाई सांडल्यासारखा. ते लाल दिसलं की हसू आटतं. हल्लीच्या चित्रपटांतून रक्ताचा सडा पडतो आणि लगेच पुढच्या क्षणी कुणीतरी चुटका सांगतो. मला त्या चुटक्यावर हसायला वेळ लागतो, तोवर पुढचा माणूस मेलेला असतो.

अमेरिकेत मेल ब्रूक्स नावाचा दिग्दर्शक ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ काढायला निघाला, तेव्हा रंगीत चित्रपट रुळून जमाना झाला होता. चित्रपट आला १९७४ मध्ये. कोलंबिया कंपनीला काळा-पांढरा नको होता. ब्रूक्सने कंपनी सोडली, पण हट्ट सोडला नाही. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेला. एवढंच नव्हे, १९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये वापरलेली प्रयोगशाळेतली यंत्रं शोधून काढून तीच पुन्हा वापरली. थट्टा करायची होती, पण ज्याची थट्टा करायची त्याचा मान राखून.

या मान राखण्यातच सगळी मेख आहे असं मला वाटतं. १९४८ मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो या जोडगोळीचा फ्रँकेन्स्टाइनशी गाठ पडण्याचा चित्रपट आला. त्यात ड्रॅक्युलाचं काम करायला खुद्द बेला लुगोसी होता, लांडगामाणसाच्या भूमिकेत लॉन चेनी धाकटा. हे लोक पडद्यावर एकदाही थट्टेने वागत नाहीत. लुगोसी तसाच कफन फुटून आल्यासारखा ताठ चालतो, तसाच रोखून बघतो. सगळा विनोद त्या दोन बिचाऱ्या हमालांचा, जे पेटाऱ्याशी झटापट करत असतात आणि ज्यांच्या पाठीमागे पेटारा उघडत असतो. भूत गंभीर हवं आणि माणूस हास्यास्पद हवा. भूतच विनोद करायला लागलं की ते भूत राहत नाही, बहुरूपी होतं.

आता माझ्याच मताविरुद्धचा पुरावा मीच देतो, नाहीतर कुणीतरी देईलच. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’, १९९३, पूर्ण रंगीत. आणि तरी तात्या विंचू अजून जिवंत आहे! पण का? कारण रामदास पाध्यांची ती बाहुली हसवायला येत नाही. दिलीप प्रभावळकरांचा आवाज घेऊन ती लक्ष्मीकांत बेर्डेच्या जिवावर उठलेली असते, अगदी मनापासून. लक्ष्मीकांत घाबरतो, आपण हसतो. रंगाच्या बाबतीत मी एक वेळ तडजोड करीन, या दुसऱ्या नियमाच्या बाबतीत नाही.

आणि हा नियम काही हॉलिवूडने शोधून काढलेला नाही. तो आपल्या घरचा आहे.

माझी आत्ते देवासला दिली होती. देवास म्हटलं की आपल्या लोकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते कुमार गंधर्वांचं, आणि ते योग्यच आहे. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना ते तिथे हवापालटाला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. पण लहानपणी आम्हांला देवासचं अप्रूप होतं ते वेगळ्याच कारणाने. देवासहून उज्जैन जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. म्हणजे विक्रमाचं गाव. म्हणजे ते झाड, ते प्रेत, तो वेताळ! १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ मालिका लागली, तेव्हा आमच्या घरी टीव्ही होता तो काळा-पांढरा. त्यामुळे अरुण गोविलचा राजा आणि सज्जन यांचा वेताळ आम्ही पाहिला तो काळ्या-पांढऱ्यातच. पुढे कधीतरी त्याचे रंगीत तुकडे पाहायला मिळाले आणि माझा अगदी विरस झाला. वेताळाच्या केसांना आणि कपड्यांना रंग आला आणि त्याचं वजनच गेलं. सज्जन हे मुळात कृष्णधवल जमान्यातले नट. त्यांचं ते हसणं आमच्या खरखर करणाऱ्या टीव्हीवर जसं वाटलं, तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

वेताळपंचविशी ही मला जगातली पहिली भय-विनोदी मालिका वाटते. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती आहे. तिथला राजा उज्जैनचा नाही बरं का! तो त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. विक्रमाने आणि उज्जैनने त्याची जागा नंतर घेतली. राजा मसणात जातो, झाडावर चढतो, दोर कापून प्रेत खाली पाडतो. प्रेत कळवळून ओरडतं. राजाला वाटतं, जिवंत माणूस आहे की काय, म्हणून तो त्याचं अंग चोळू लागतो. आणि ते प्रेत खदाखदा हसतं! हसतोस कशाला, चल, असं राजा म्हणतो, तोवर ते पुन्हा झाडावर. इथे भीती कुठे संपते आणि विनोद कुठे सुरू होतो? पुढे चोवीस वेळा तो शूर राजा तेच ओझं वाहतो. एखाद्या कारकुनाची फाइल परत परत त्याच टेबलावर यावी, तसं प्रेत झाडावर परत. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी चाललो. शेवटी राजा गप्प बसतो तो शहाणपणाने नव्हे, उत्तरच येत नाही म्हणून. बापाने मुलीशी आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी लग्न केलं, तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? हा प्रश्न मी आमच्या घरच्या लग्नकार्यांत जेवणाच्या पंगतीला दोन-तीनदा टाकून पाहिला आहे. राजा गप्प बसला यात त्याचा काहीच दोष नाही.

मराठीत ही पंचविशी सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८३० च्या सुमारास आणली, म्हणजे छापील मराठी गद्य अजून रांगत होतं तेव्हाच वेताळ त्याच्या पाठीवर बसलेला होता.

आम्हां गोमंतकीयांना तर वेताळाची ओळख करून द्यायला नको. आमोण्याला त्याचं देऊळ आहे, लोलयेला त्याची पाषाणमूर्ती आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला वहाणा वाहतात, आणि वाहिलेल्या वहाणा झिजलेल्या आढळतात असं भाविक सांगतात. ज्याच्या नावाने अंगावर काटा यावा त्या देवाच्या तळव्यांची काळजी करणारा हा आमचा समाज! शिमग्यात साळच्या गड्यांच्या उत्सवाला जाऊन आलेल्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. अंधारात गडे धावतात, लांब रानात देवचाराची चूड दिसली म्हणून लोक श्वास रोखतात, आणि तिथेच बाजूला कुणीतरी कुणाची तरी फिरकी घेत असतो. दोन्ही एकाच रात्री, एकाच माळावर. यात आम्हांला कधी विसंगती वाटली नाही.

धारचा भोजराजाही या गोष्टींत आहेच. सिंहासनबत्तिशीत तो जमिनीतून निघालेल्या विक्रमाच्या सिंहासनावर चढायला जातो आणि पायरीवरची पुतळी बोलायला लागते: थांब, आधी विक्रम काय होता ते ऐक. बत्तीस वेळा! लाकडाची-दगडाची बाहुली अचानक बोलते हा भयपटाचा हुकमी प्रसंग; पण ती बोलून राजाला तिथल्या तिथे लहान करते, हा विनोद. गंमत म्हणजे खऱ्या भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ आहे आणि त्यात हलणाऱ्या-चालणाऱ्या यंत्रपुतळ्यांचा एक अख्खा अध्याय आहे. तात्या विंचूचे पूर्वज असे थेट धारच्या परमारांपर्यंत जातात म्हणायचे.

देवासबद्दल मात्र आणखी थोडं सांगायला हवं, कारण ते गावच एखाद्या जुन्या विनोदी चित्रपटाच्या सेटसारखं होतं. पवारांच्या दोन भावांनी, तुकोजी आणि जिवाजींनी, गाव वाटून घेतलं. थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. वर टेकडीवरही देवी दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा, आणि त्या बहिणींचंही एकदा भांडण झालं होतं असं लोक सांगतात. १९२१ मध्ये या थोरल्या पातीच्या महाराजांचा, तिसऱ्या तुकोजीरावांचा, खाजगी चिटणीस म्हणून एक इंग्रज लेखक काही महिने राहिला. ई. एम. फॉर्स्टर. त्याने देवासच्या पत्रांचं पुस्तक १९५३ मध्ये काढलं. नवा राजवाडा अजून बांधून व्हायचा होता आणि आधी बांधलेला भाग तोवर पडायला लागला होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे कर्जात बुडालेले महाराज राज्य सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. (आपल्याकडे पोर्तुगीज होते तसे तिथे फ्रेंच, ब्रिटिशांचा हात पोचू नये म्हणून परक्या झेंड्याखाली जाणं आपल्याला नवीन नाही.) शाहू महाराजांचा हा जावई. एकटा, राणी निघून गेलेली, अर्धा बांधलेला आणि अर्धा पडलेला वाडा. यात भयपट आहे की विनोद? फॉर्स्टरला दोन्ही दिसलं, आणि त्याने महाराजांवरचं प्रेमही लपवलं नाही. त्याच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ कादंबरीत नबाबबहादुरांची मोटार रात्री कशाला तरी धडकते आणि ते मनाशी ठरवून टाकतात की ते भूतच होतं. तो प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला तो काळ्या-पांढऱ्यातच दिसतो.

आत्तेच्या सासरचा वाडाही तसलाच. दोन चौक, पडका घोड्याचा तबेला, आणि मागच्या चौकात एक कुलूपबंद खोली. तिला म्हणत ‘आक्कांची खोली’. आक्का म्हणजे आत्तेच्या सासऱ्यांची बालविधवा बहीण. पन्नास वर्षं त्याच खोलीत राहिल्या, तिथेच गेल्या. त्यानंतर संध्याकाळी तिथून पाटा-वरवंट्याचा आवाज येतो, अशी बोलवा. आम्ही मुलं मे महिन्याच्या सुट्टीत गेलो की हा आमचा मुख्य कार्यक्रम. बत्ती गुल झाली की एकाने चादर पांघरून मागच्या चौकात जायचं आणि बाकीच्यांनी किंचाळायचं. मोठी माणसं ओसरीवर बसून हसायची. आत्ते हसायची नाही.

तिने कारण सांगितलं ते मी चांगला मोठा झाल्यावर. आक्कांना त्यांच्या सासरकडून थोडी जमीन आली होती. ती कसणाराने परस्पर एका नातेवाइकाच्या नावावर कशी गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आक्कांनी मरेपर्यंत तो विषय सोडला नाही. रोज संध्याकाळी वाटण वाटता वाटता त्या मोठमोठ्याने तेच बोलत. आणि त्या गेल्यावर सहा महिन्यांत त्यांच्या खोलीतून आवाज यायला लागला. आवाज पहिल्यांदा ऐकला कुणी, तर त्याच नातेवाइकाने. खोली बंद झाली, आक्कांची ट्रंक आत राहिली, ट्रंकेत कागद राहिले.

तेव्हापासून मी जुने भुताचे चित्रपट वेगळ्या नजरेने पाहतो. आमच्या टीकाकारांनी त्यांना कायम नाक मुरडलं: शेवटी भूत खोटंच निघतं, म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक. मला तर तोच त्यांचा मोठा गुण वाटतो. राज खोसलांच्या ‘वह कौन थी’मध्ये (१९६४) पांढऱ्या साडीतली ती बाई पावसात गाणं म्हणते, नायक वेडा व्हायच्या बेतात येतो, आणि मागे काय निघतं? इस्टेट! ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२) हवेली, दलदल, शाप, सगळं जमवून आणल्यावर मागे निघतो तो हाडामांसाचा माणूस आणि जुना अन्याय. ‘भूत बंगल्या’तही शेवटी माणूसच. भूत दिसलं की आधी सातबारा बघावा, असं हे चित्रपट सांगत होते. आपल्याकडे एक-चौदाचा उतारा म्हणा. आमच्या गावात एका भाटकाराच्या भाटात देवचार होता, रात्री कुणी फिरकत नसे. त्या भाटातले नारळ कधी चोरीला गेले नाहीत, आणि तिथून मुंडकारांची जी वाट जायची ती पुढे हळूहळू बुजली. देवचारावर माझा राग नाही. गावचा राखणदार म्हणून मीही त्याला नारळ ठेवतो. पण त्या विशिष्ट देवचाराचा पगार कोण देत होता, हा प्रश्न विचारायला मला मेहमूदने शिकवलं, कुठल्याही समाजशास्त्राच्या पुस्तकाने नाही.

या चित्रपटांत सगळंच गोड होतं असंही नाही. त्यांची एक खोड मला खुपते. भीती नेहमी नोकराच्या वाट्याला. मालक शूर, नायक शंकेखोर. दातखिळी बसते ती आचाऱ्याची, माळ्याची, गाडीवानाची. बॉब होपच्या ‘द घोस्ट ब्रेकर्स’मध्ये (१९४०) विली बेस्ट हा कृष्णवर्णीय नट नोकर आहे आणि डोळे विस्फारून थरथरणं एवढंच त्याला दिलेलं काम. तो ते इतकं अचूक करतो की आपण हसतो, आणि हसल्याचं नंतर बरं वाटत नाही. आपल्या हिंदीतही तेच. ‘बीस साल बाद’मधला असित सेनचा संथ, सुस्त गोपीचंद जासूस मला त्यामुळेच आवडतो. तो कुणाचा नोकर नाही. स्वतःला हुशार समजणारा, सावकाश बोलणारा एक माणूस, आणि फजिती होते ती त्या हुशारीची. सत्यजित राय यांनी तर १९६९ च्या ‘गुपी गायन बाघा बायन’मध्ये भुतांचीच वर्णव्यवस्था नाचवून दाखवली. राजे, रयत, गोरे साहेब आणि ढेरपोटे, चार ओळींत एकावर एक, आणि नाचता नाचता आपापसांत मारामारी. तो नाच काळ्या-पांढऱ्यातच आहे. रंग येतो तो चित्रपट संपता संपता. घाबरायचं कुणी आणि हसायचं कुणाला, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही.

या बाबतीत ‘स्त्री’ला शंभर गुण. मध्य प्रदेशातल्याच चंदेरीत घडणारी ती गोष्ट. तिथे रात्री घराबाहेर पडायला पुरुष घाबरतात, बायका नाही. ही उलटापालट करणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी आहे. ‘मुंज्या’ तर आपल्या कोकणातला, आदित्य सरपोतदार या मराठी माणसाने काढलेला. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत मेलेला पोर पिंपळावर राहतो ही गोष्ट आमच्या आज्यांनी सांगितली, तेव्हा तिच्यात भीतीबरोबर त्या पोराची कीवही असायची. माझी तक्रार एवढीच की संगणकाने केलेला तो मुंज्या पडद्यावर फार वेळ राहतो, फार जवळून दिसतो आणि फार बोलतो. आजीच्या गोष्टीत तो फक्त पानांची सळसळ होता.

आणि आता धार. मराठी माणसाचं सर्वांत नामांकित भूत राहतं पुण्याला, शनिवारवाड्यात. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘काका मला वाचवा’ ही किंकाळी अमावास्येला ऐकू येते, असं सांगता सांगता अडीचशे वर्षं गेली. एवढी भीषण हाक, आणि तिचं आपण काय केलं? शाळेत मास्तर छडी घेऊन आले की मागच्या बाकावरून तीच हाक. नाटकातल्या विनोदी पात्राच्या तोंडी तीच. भय आणि हसू आपण असं एकाच डब्यात भरून ठेवलं आहे. त्या हसण्यात एक बाई मात्र कायमची अडकली. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं रघुनाथरावांना, पण लोकांच्या जिभेवर राहिला तो आनंदीबाईंचा ‘ध चा मा’. तो फिरवलेला कागद ही दंतकथा आहे असंच बहुतेक इतिहासकार मानतात. तरी पोरसोरसुद्धा आनंदीबाई म्हटलं की डोळे वटारून दाखवतं.

त्या खुनानंतर सोळा-सतरा महिन्यांनी ही बाई कुठे होती? धारच्या किल्ल्यात. नवरा बारभाईंपासून पळत फिरत होता, धारचे खंडेराव पवार त्याच्या बाजूचे, म्हणून गरोदर आनंदीबाई त्यांच्या आश्रयाला. तिथेच १० जानेवारी १७७५ ला तिला मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. पुढे विरोधकांनी किल्ल्याला वेढा घातला आणि पवारांना आई-मुलाला त्यांच्या स्वाधीन करावं लागलं. धार या नावातल्या ध चा मा केला तर काय उरतं ते वाचकांनी आपलं आपणच करून पाहावं. हा विनोद तिला तिथे राहताना कुणी ऐकवला असेल का, असा विचार माझ्या मनात येतो आणि मग तो विनोद तितकासा बरा वाटत नाही.

किल्ल्यात ज्या इमारतीत बाजीराव जन्मला असं सांगतात, तिचं नाव आहे खरबुजा महाल. शेवटच्या पेशव्याचा जन्म खरबुजा महालात! मला कुणी पैसे दिले तर मी तिथे एक चित्रपट काढीन. थंडीची रात्र, बाहेर पहारा, आत एक बाळंतीण. पुण्याहून आलेल्या हुजऱ्यांना प्रत्येक सावलीत नारायणराव दिसतोय, पवारांचे शिपाई देवाचं नाव घेताहेत, वैद्यबुवांची बोबडी वळली आहे. रडणाऱ्या बाळाचा आवाज तटावरून ऐकून खालचा पहारेकरी भाला टाकून पळतो. भूत असेल, नसेल. असलंच तर गंभीर असेल. सगळ्या किल्ल्यात एकच माणूस न घाबरलेलं, आणि ती आनंदीबाई. तो रंगीत काढा असं निर्माता म्हणाला, तर मी दुसरा निर्माता बघीन.